व्हिडिओतली पाठमोरी बाई

कातकरवाडी, नेरे
१७ सप्टेंबर २०२५

मनिषाताई यांस प्रमिलाचा नमस्कार.

माझा फोन लागत नसेल. तो पोलिसांकडं जमा हाय. पंचनाम्यात लिवलंय, एक जुना मोबाइल, काच फुटलेली. म्हनून कागदावर लिवते. गंगाबाई आठवड्यातून दोनदा भाजी घेऊन करंजाड्याला येते, तिच्या पाटीत पत्र घालून देते. तिला वाचता येत नाय. उत्तर बी तिच्याच हाती द्या.

रविवारी आमी अकरा जन आमच्या पडवीत बसलो व्हतो. सुरज बायबलच्या पुस्तकातलं वाचत व्हता. तेवढ्यात मोटरसायकलींवरून तीस-चाळीस पोरं आली. एकानं सुरजच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आनि विचारलं, "काय मिळतं रे तुला ह्याचं?" सुरज म्हनाला, "रविवारी दारू पेत नाय, एवढंच मिळतं." ते हसले. मग एकानं त्याच्या कानाखाली मारली. पडवीची कुडाची भिंत पाडली. पोलीस आले आनि सुरजलाच घेऊन गेले.

तक्रार अशी की माझा नवरा मंतरलेलं पानी पाजतो, दारू सोडवतो म्हनून सांगतो आनि बायांना बाटवतो. जादूटोन्याचा कायदा लावलाय. त्यात जामीन सहज होत नाय म्हनतात. पुरावा म्हनून जूनमधला एक व्हिडिओ हाय, माझ्याच फोनातून घेतलेला. त्यात एक बाई पाठमोरी बसलीय, डोक्यावर पदर हाय, ती रडतेय, आनि सुरज तिच्यासाठी प्रार्थना करतोय. खाली लिवलंय, पनवेलच्या हिंदू भगिनीला फसवताना.

ती बाई कोन ते मला ठाव हाय. सुरजला ठाव हाय. तुमाला बी ठाव हाय.

पोरांत तुमचा लेक प्रणित व्हता. त्यानं हात नाय उचलला, खोटं कशाला बोलू. तो फोन धरून शूटिंग करत उभा व्हता.

सरकारकडून फुकट वकीलबाई मिळाल्यात. त्या म्हनतात, त्या बाईनं येऊन सांगितलं की मला कोनी फसवलं नाय, तर सुरज सुटेल. मी त्यांना नाव सांगितलेलं नाय. आधी तुमाला विचारते.

प्रमिला


करंजाडे
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय पमा,

तुझं पत्र कोथिंबिरीच्या जुडीत मिळालं. बाथरूममध्ये बसून वाचलं. फोनवर काही लिहायची सोय मलाही नाही, माझा पासवर्ड प्रणितला माहीत आहे.

सुरजभाऊंचं ऐकून जेवण गेलं नाही. पण तू मला असं कोड्यात लिहू नकोस. ती बाई कोण ते मला माहीत नाही. तूही तसंच म्हण. पदर तर कोणाच्याही डोक्यावर असतो.

प्रणित वाईट मुलगा नाही गं. तुझ्या आईच्या, आमच्या माहेरी कामाला असलेल्या भामामावशीच्या मांडीवर तो खेळलाय. त्याला खरंच वाटतं की तो तुम्हाला वाचवतोय. म्हणतो, गरिबाच्या घरात आजार असला, व्यसन असलं की हे लोक बरोबर तिथे येतात. डिसेंबरच्या अधिवेशनात नवा कायदा येणार म्हणतात. मग धर्म बदलायचा तर आधी सरकारला कळवावं लागेल, असं त्यांच्या ग्रुपवर रोज येतं. परवा जेवताना तो म्हणाला, "स्वतःच्या मर्जीने कोणी जात असेल तर त्याला कळवायला काय हरकत आहे?" मी त्याला भात वाढला. तुला काय उत्तर सुचतं?

माझं ऐकशील तर सुरजभाऊंना एक माफीचा अर्ज लिहायला सांग. चूक झाली, परत प्रार्थना घेणार नाही, एवढंच. लोकांचा राग निवतो. मी दीपेशशी बोलून बघेन, तो प्रणितच्या ग्रुपचा मोठा आहे, आमच्याच भावकीतला आहे.

घरी तेच चाललंय. प्रणितचे बाबा संध्याकाळी सहाला सुरू होतात. प्लॉट विकल्यापासून त्यांना दुसरं काम नाही.

गंगाबाईबरोबर तांदूळ पाठवलेत. नाही म्हणू नकोस.

मनिषा


कातकरवाडी
२८ सप्टेंबर २०२५

मनिषाताई,

तांदूळ मिळाले. शिजवले बी. उपाशी राहून मान राखता येत नाय.

माफी कशाची लिवू? तुमी विचारलंत, सरकारला कळवायला काय हरकत हाय. मी सांगते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी बाला विचारलं, धर्म कोनता? बा म्हनाला, कातकरी. गुरुजी म्हनाले, ती जात झाली. मग त्यांनीच हिंदू लिवलं. बाला वाचता येत नव्हतं. तवा कोनी कोनाला कळवलं नाय. शाळेत सुकडी मिळायची म्हनून बा मला पाठवायचा, ती लालूच व्हती असं बी कोनी म्हनालं नाय. आता मात्र आमच्या मर्जीची चौकशी.

आनि मी कुठं गेले, ताई? मी अजून बाप्तिस्म्याची पान्यात बुडी घेतलेली नाय. कागदावर मी हिंदू, रविवारी पडवीत, होळीला वाडीत. माझा मानूस पेऊन मला मारत व्हता, तो मारायचा थांबला. त्याच्या बाजूला जाऊन बसले, एवढंच केलं मी.

माझा भाऊ बाळ्या दारात येऊन बोलून गेला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो रडला. म्हनाला, "पमे, तू होळीला नाचते ते उद्या सोडशील. मी मेलो तर खांद्याला तुझा नवरा येईल का? आपन आधीच किती थोडे गं, त्यात बी दोन भाग?" त्याचं सगळंच चुकतंय असं मला म्हनता येईना. पन वाडीनं आमच्याशी बोलनं टाकलंय. मुकादम म्हनाला, यंदा तुमची नवरा-बायकोची जोडी वीटभट्टीवर नको. आमची पारू दहावीला हाय. तिच्या होस्टेलच्या बाईंनी विचारलं, तुमी धर्म सोडला तर तुमचा जातीचा दाखला राहील का? पारू घाबरून गेलीय. मला ह्यातलं काय बी कळत नाय.

जेलमध्ये सुरजला भेटले. बारीक झालाय. त्याला म्हटलं, नाव सांगून टाकू का? तो म्हनाला, "नको. ती विश्वासानं आली व्हती. तिच्या घरात तिचे हाल होतील."

तुमच्यासाठी तो आत बसलाय, ताई. अर्ज त्यानं नाय लिवायचा.

प्रमिला


करंजाडे
४ ऑक्टोबर २०२५

पमा,

तुझं पत्र मी फाडलं. मग तुकडे परत जोडून वाचले.

हो, मीच ती. मीच तुझ्याकडे आले होते, जूनमध्ये. तू बोलावलं नव्हतंस. मी तुला विचारलं होतं, सुरजची सुटली, माझ्या माणसाची सुटेल का? सुरजभाऊ म्हणाले होते, "ताई, मला माहीत नाय. मी फक्त मागू शकतो." पाणी त्यांनी दिलं होतं, पण ते मीच मागितलं होतं, चढून आल्यावर घसा कोरडा पडला होता म्हणून. तीन रविवार आले. यांची काही सुटली नाही. पण त्या पडवीत मी वीस वर्षांत पहिल्यांदा कोणासमोर रडले. मग मी यायचं बंद केलं, आणि तुम्हीही मला बोलवायला आला नाहीत.

हे सगळं मला पहिल्याच पत्रात लिहिता आलं असतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रणित किचनमध्ये आला. मोबाइल माझ्यापुढे धरला आणि व्हिडिओ मोठा करून दाखवला. म्हणाला, "आई, नेरे तुझं माहेर आहे. ही पाठ बघ, कोणाची वाटते? ही बाई सापडायला पाहिजे. तिने जबाब दिला की आपली केस पक्की." मी म्हटलं, "सापडली तर काय करणार?" तो म्हणाला, "काय करणार म्हणजे? तिचा सत्कार करू. तिला सांगू, ताई, घाबरू नका, तुमचे भाऊ आहेत."

तो माझ्याच पाठीकडे बघत होता, पमा. मी हातभर अंतरावर उभी. मी गॅस बारीक केला आणि म्हटलं, ओळखू येत नाही रे.

मला भीती वाटते. यांना कळलं की दारूबद्दल मी बाहेर, आणि तेही वाडीवर जाऊन बोलले, तर हे मला घरात ठेवणार नाहीत. मला नोकरी नाही, माझ्या नावावर काही नाही. मला थोडा वेळ दे.

मनिषा


कातकरवाडी
१० ऑक्टोबर २०२५

मनिषा,

आता ताई म्हनत नाय. सातवीपर्यंत आपन अरे-तुरेत बोलायचो, तसंच लिवते.

वेळ माझ्याकडं नाय. काल जामीन फेटाळला. वकीलबाई वरच्या कोर्टात जानार हायत, पन म्हनाल्या, नवीन काय तरी हाती पायजे.

काल बाळ्या एक कागद घेऊन आला. दीपेशनं दिलेला. त्यात लिवलंय की माझ्या नवऱ्यानं मला आनि मुलीला धाक दाखवून, लालूच देऊन दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनेला बसवलं. मी सही केली की वाडीत पूजा होईल, आमाला परत घेतील, मुकादम भट्टीवर नेईल, पारूच्या दाखल्याला कोनी हात लावनार नाय. नाय केली तर बाळ्याला बी वाडी टाकनार. त्याची तीन पोरं हायत. तो माझ्या पायाशी बसला व्हता. बुधवारपर्यंत मुदत हाय, पंधरा तारीख.

मला सांग मी काय करू. नवऱ्याच्या विरोधात सही करू का पोरीला शाळेतून काढू? होस्टेलवरून घरी आलेली पारू म्हनते, "आई, मी नाय शिकत, तू सही नको करू." मग रात्रभर कूस बदलत राहते. तिला नर्स व्हायचंय.

त्यानं मला धाक दाखवला व्हता, हे खरं हाय. पन तो पेत व्हता तवा. तवा एक बी मोटरसायकल आली नाय.

तू त्याला सोडवू शकतेस. तू एकटीच. मी आजपर्यंत तुझ्या घरात कधी काय मागितलं नाय, माझ्या आयनं बी नाय. आता मागते. बुधवारच्या आत कोर्टात जा. मी हात जोडते, पाया पडते, काय म्हनशील ते करते. बुधवारच्या आत.

पमा


तळोजा
१६ ऑक्टोबर २०२५

पमा,

मी सांगितलं. हे सगळ्यात आधी लिहिते.

सोमवारी प्रणित जेवायला बसला तेव्हा त्याच्यापुढे उभी राहिले, डोक्यावर पदर घेतला आणि पाठ फिरवली. म्हटलं, "आता ओळख." मागे वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो हसल्यासारखा म्हणाला, "मस्करी नको करू, आई." मी सगळं सांगितलं. जून, तीन रविवार, पाणी, रडणं. तो ताटावरून उठला. म्हणाला, "त्यांनी तुला भुलवलं." मी म्हटलं, "मी माझ्या पायांनी गेले." तो म्हणाला, "तेच तर. तुला कळलंच नाही. ह्यालाच भुलवणं म्हणतात."

ह्याला काय उत्तर देऊ, पमा? नाही म्हटलं की भुललेली, हो म्हटलं तरी भुललेली. माझ्या मुलाच्या लेखी माझ्या तोंडातून माझं बोलणं येऊच शकत नाही.

यांना त्यानेच सांगितलं. यांनी हात उचलला नाही, फक्त दार उघडलं. शेजारचे बघत होते. मी पिशवीत दोन साड्या घातल्या आणि नेऱ्याला काळूरामदादाकडे गेले. दादाने एक रात्र ठेवलं, पण वाडीवर तुझ्याकडे येऊ दिलं नाही. सकाळी वहिनी म्हणाली, गावात तोंड दाखवायचं आहे आम्हाला, आणि थेट रिक्षात बसवलं. आता तळोज्याला मामेबहिणीच्या खोलीत आहे. ती कंपनीत शिफ्टला जाते, तिच्या कॉटवर मी झोपते.

काल वकीलबाईंकडे जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. नाव, पत्ता, सगळं. सहीबरोबर अंगठाही घेतला, त्याची शाई अजून गेली नाही. त्या म्हणाल्या, उशीर झाला पण फार नाही.

सोमवारीच तुला कळवायचं होतं, पण करंजाड्यातून निघाल्यावर गंगाबाई भेटणार कुठे? आज बाजारात तिला शोधून काढलं.

तू कागदावर सही केली नाहीस ना?

मनिषा


कातकरवाडी
१८ ऑक्टोबर २०२५

मनिषा,

केली. बुधवारी दुपारी.

सकाळपासून वाटेवर बघत व्हते, कोनाच्या तरी हाती तुझा निरोप येईल म्हनून. वकीलबाईंकडं जाऊन आले असते, पन बाळ्याची बायको पोरांना घेऊन माझ्या दारात बसली व्हती. उठेचना. तीन वाजता दीपेश गाडीतून आला. त्यानं बोट ठेवलं तिथं मी नाव लिवलं. अक्षर चांगलं हाय म्हनाला.

लगेच पूजा झाली. मला कुंकू लावलं, नारळ दिला, फोटो काढला. वाडीतल्या बाया जवळ येऊन बसल्या. इतक्या दिवसांनी कोनी जवळ आलं म्हनून मला बरं वाटलं, मनिषा. ह्याचीच मला जास्त लाज वाटते.

आता तुझा कागद म्हनतो फसवलं नाय, आनि माझा म्हनतो फसवलं. परकी बाई खरं बोलली आनि बायको खोटं बोलली. कोर्ट कोनाचं ऐकेल? त्याच्या बायकोचंच ऐकेल.

तुझं घर गेलं ते माझ्यामुळं. मी दोन दिवस थांबले असते तर निदान कामी तरी आलं असतं. मला पत्र लिवू नको. मी तारखेला बी येनार नाय. त्याच्यापुढं कोनत्या तोंडानं उभी राहू?

पमा


तळोजा
७ नोव्हेंबर २०२५

पमा,

तू लिहू नको म्हटलंस तरी लिहिते, कारण काल तू कोर्टात नव्हतीस आणि तुला हे दुसऱ्या कोणाकडून कळायला नको.

आधी हे वाच: जामीन झाला.

सरकारी वकिलांनी तुझा कागद वाचला. शेवटी तुझं नाव आलं तेव्हा सुरजभाऊ पुढे सरकले. पोलिसाने मागे ओढलं. ते ओरडले वगैरे नाहीत. एवढंच म्हणाले, "सही बघू द्या." न्यायाधीशांनी दाखवायला सांगितली. त्यांनी बघितली आणि म्हणाले, "तिचीच हाय." मग खाली बसले.

मग माझ्या कागदाचा विषय निघाला. समोरचे वकील म्हणाले, या बाईंची मनःस्थिती ठीक नाही, मुलाचंही तसंच म्हणणं आहे. प्रणित मागच्या बाकावर होता. न्यायाधीशांनी मला उभं केलं. विचारलं, "तुम्हाला तिथे कोणी नेलं?" मी म्हटलं, "रिक्षाने नेऱ्यापर्यंत, पुढे चालत." लोक हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "का गेलात?" मी म्हटलं, "साहेब, माझा नवरा दारू पितो. मी सगळ्या देवांना सांगून झालं होतं. तिथे माणसं ऐकत होती." त्यांनी विचारलं, "दारू सुटेल असं वचन दिलं होतं का?" मी म्हटलं, "नाही. माहीत नाही म्हणाले होते."

प्रणित उठून बाहेर गेला. मी निघाले तेव्हा तो जिन्यात होता. मला वाटलं, बोलेल. त्याने बाजूला होऊन वाट दिली, अनोळखी बाईला देतात तशी.

केस संपलेली नाही. खटला उभा राहील तेव्हा तुझा कागद त्यात असेलच. आणि सुरजभाऊंना तोवर नेऱ्याच्या हद्दीत यायला मनाई आहे. ते गंगाबाईच्या भावाकडे, पलीकडच्या भट्टीवर उतरलेत. मला म्हणाले, "प्रमिलाला सांगा, मी रागावलो नाय." पण पमा, त्यांचा चेहरा बघून मला ते खरं वाटलं नाही. तू जाऊन भेट.

मनिषा


भट्टीवरून
१२ नोव्हेंबर २०२५

मनिषा,

पारूला होस्टेलवर सोडलं आनि इकडं आले. तो मातीच्या ढिगाऱ्याशी बसला व्हता. मला बघून उठला, पाट्या बाजूला केल्या, बसायला जागा केली. मी त्याच्या पायावर डोकं ठेवलं. तो म्हनाला, "उठ. पोरीसाठी केलंस, मला कळतं." मग परत माती मळायला लागला.

रात्री भाकर खाताना त्यानं विचारलं, "पन त्यात लिवलंय ते खरं का? मी तुला धाकानं बसवलं व्हतं का?" चिडून नाय विचारलं. त्याला खरंच जानून घ्यायचं व्हतं. कोर्टात कागद वाचला तवापासून तेच डोक्यात फिरत व्हतं म्हनाला. आपन आधी एवढं मारलंय, मग ती खुशीनं बसली का भीतीनं, आपल्याला कसं कळनार?

मनिषा, हे मला आजपर्यंत कोनीच विचारलं नव्हतं. दीपेशनं नाय, बाळ्यानं नाय, पोलिसांनी नाय. मी म्हटलं, "पहिल्या रविवारी भीतीनं बसले. मग नाय." तो मान खाली घालून रडला. हल्ली तो प्रार्थना करत नाय. करू का असं मला विचारतो. मी काय सांगू?

सकाळी वकीलबाईंना भट्टीच्या मालकाच्या फोनवरून विचारलं, सही परत घेता येते का. त्या म्हनाल्या, येते, पन समोरचे तुला खोटारडी म्हनतील, आनि वाडी परत टाकेल, मुलीच्या दाखल्याचं मी काय सांगू शकत नाय. पारूला फोन करून हे सगळं सांगितलं. ती म्हनाली, "मग जा ना, आई." पंधरा वर्षांची पोर, तिला काय कळतंय. पन बाळ्याच्या पोरांचं काय करू? त्याला मी अजून सांगितलेलं बी नाय.

कोर्टाची पुढची तारीख चोवीसची हाय. मी येनार. तू येऊन दारापाशी उभी राहा, नायतर मी मागं फिरेन. आत काय बोलायचं ते भट्टीवर विटा रचताना तोंडानं म्हनून बघते. सगळं विसरते, फक्त एवढंच राहतं: साहेब, सही माझी हाय. बोलनं माझं नाय.

पमा